छपरावरून विचारलेला प्रश्न

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या जुन्या वाड्यातून जाताना मान वर करून पाहिले, तर कौलारू छपराच्या कडेला, लोखंडी नळाच्या टोकावर बसवलेला ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा एक सांगाडा अजूनही क्वचित दृष्टीस पडतो. त्याची एखादी कांडी गळून पडलेली असते, एखादी वाकलेली असते आणि उरलेल्यांवर कावळा निर्धास्तपणे बसलेला असतो. वर्गातील मुलांना आम्ही एकदा विचारले, "हे काय आहे?" एकाने सांगितले, "घरावर वीज पडू नये म्हणून लावतात ते." दुसरा म्हणाला, "पूर्वी त्यावर कपडे वाळत घालीत असतील." हसू आले, परंतु दोष मुलांचा नव्हता. दूरदर्शनने देशातील आपली बहुतेक जुनी ॲनालॉग प्रक्षेपणकेंद्रे २०२२ सालापर्यंत बंद केली, आणि त्याच्याही पुष्कळ आधी केबलने व डिशने त्या सांगाड्याचे काम काढून घेतले होते. तो सांगाडा म्हणजे टीव्हीचा अँटेना.

निकामी झालेल्या वस्तूविषयी शाळेच्या वार्षिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. या अँटेनाने आम्हांला लहानपणी एक धडा दिला. पुढे पदवीपर्यंतच्या कोणत्याही पुस्तकात तो इतक्या स्पष्टपणे मिळाला नाही. आणि शिक्षक झाल्यावर तोच धडा आम्ही विसरून गेलो होतो, हे कबूल करण्याची वेळही आमच्यावर आली. तो सांगण्यापूर्वी अँटेनाचे काम थोडे समजून घेतले पाहिजे.

आपल्या देशात टीव्हीचे प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबईत ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले आणि १९८२ साली चित्रे रंगीत झाली. गोव्यात दूरदर्शनचे केंद्र पणजीला, आल्तिनोच्या टेकडीवर. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर पणजीपासून पेडणे गाव सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर उत्तरेस आहे आणि डिचोली सुमारे १८ किलोमीटर ईशान्येस. म्हणून पेडण्यातील अँटेना दक्षिणेकडे तोंड करून उभे असत आणि डिचोलीतील नैर्ऋत्येकडे. अनोळखी वाटसरूला दिशा कळावी, इतकी त्यांची एकवाक्यता होती.

अंतर तसे फार नव्हते. अडचण अंतराची नसून उंचसखलपणाची होती. टीव्हीच्या लहरी बहुतांशी प्रकाशासारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की त्यामागे त्यांची सावली पडते. आपले हे तालुके म्हणजे जांभ्या दगडाचे सडे आणि त्यांच्या कुशीत दडलेली गावे. सड्यावरच्या घराला चित्र स्वच्छ दिसावे आणि खालच्या कुळागरातील घराला केवळ आवाजावर समाधान मानावे लागावे, हे नित्याचेच होते. त्यात हरमल-मांद्र्याकडे समुद्राचा खारा वारा आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ. तारेच्या जोडावर हिरवा कळंक चढण्यास एक पावसाळा पुरे होई.

छपरावरच्या त्या सांगाड्याची रचना जपानमधील तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास पुढे आणली. त्यातील एकाच कांडीला तार जोडलेली असते. तिच्या मागची लांब कांडी पाठीमागून येणाऱ्या लहरी अडवते आणि पुढच्या आखूड कांड्या समोरून येणाऱ्या लहरींना तिच्याकडे वळवतात. कांड्यांची लांबीही मनाला येईल तशी नसते. सेकंदाला २० कोटी कंपने असलेल्या लहरीची लांबी दीड मीटर भरते. तिच्यासाठी तारेची कांडी तिच्या निम्मी, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास लागते. एखादी कांडी मोडल्यावर तेथे हाताला लागेल ती सळई बांधणारे लोक आम्ही पाहिले आहेत. अँटेना त्यामुळे भरल्यासारखा दिसे, चित्र मात्र भरत नसे.

चित्र बिघडले की त्याचे रूपच बिघाडाचे ठिकाण सांगत असे. पडद्यावर मुंग्या वळवळू लागल्या, तर लहर क्षीण आहे असे समजावे: अँटेनाचे तोंड फिरले, जोड सैल झाला किंवा समोरचा माड वाढून आड आला. एकाच माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली उभी राहिली, तर एकच लहर दोन वाटांनी येत आहे, एक थेट आणि दुसरी डोंगरावर आपटून. दुसरीची वाट ३०० मीटर लांब असेल, तर ती सेकंदाचा दहा लाखावा भाग उशिरा पोहोचते, आणि तेवढ्या उशिराने ४० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर सावली सुमारे पाऊण सेंटिमीटर उजवीकडे सरकते. चित्रावर ठिपक्यांचे पट्टे धावू लागले, तर बाहेर एखादी मोटारसायकल किंवा घरातील मिक्सर चालू आहे, हे ओळखावे. चित्र अजिबातच नसेल, तर तार कोठेतरी तुटली असण्याचा संभव अधिक.

असे असूनही बहुतेक घरांत काय होई? पहिला प्रहार टीव्हीच्या पेटीवर होई. त्याने काम भागले नाही, तर पणजीच्या केंद्राचा उद्धार होई. तेवढ्यानेही मुंग्या हटल्या नाहीत, तर बाजारातून बूस्टर आणला जाई आणि तो टीव्हीच्या मागे बसवला जाई. क्षीण लहरीबरोबर वाटेत शिरलेली खरखरही तो तितक्याच इमानाने मोठी करी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही तऱ्हा. शहाणा माणूस आधी शेजाऱ्याला विचारी, "तुमच्याकडे कसे दिसते?" त्याच्याकडेही मुंग्या असतील, तर आपल्या छपरावर चढण्यात अर्थ नाही. त्याचे चित्र स्वच्छ असेल, तर पेटीमागचे स्क्रू, मग कौलांवर घासणारी चपटी तार, मग अँटेनावरचा जोड आणि सर्वांत शेवटी दिशा, अशा क्रमाने तो तपास करी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा त्यातील मुख्य नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारले, तरी कशाने सुधारले हे कळत नाही.

येथपर्यंतचे ज्ञान कोणताही कारागीर देईल. परंतु यात एक अडचण अशी होती, की जिच्यावर कोणताही स्क्रू उपयोगी पडत नसे. अँटेना फिरवणारा छपरावर असे आणि चित्र खाली असे. फिरवणाऱ्याला दिसत नसे. ज्याला दिसे त्याला फिरवता येत नसे. दोघांच्या मध्ये केवळ एक शब्द असे. आमच्या घरी काका छपरावर, चुलत बहीण खिडकीत आणि आम्ही पडद्यासमोर, अशी साखळी होती. वरून काका कोकणीत ओरडत, "आयलें?" बहीण तोच प्रश्न आत पोहोचवी. आम्ही "ना!" म्हणावे, तिने "ना!" म्हणून वर कळवावे, आणि नळ पुन्हा करकरावा. काकांचे सारे श्रम त्या एका शब्दावर विसंबून असत.

इ. स. १९९८ च्या मे महिन्याच्या अखेरीस वादळी वाऱ्याने आमचा अँटेना फिरला. रविवारची दुपार होती, 'शक्तिमान'ची वेळ झाली होती. काका अर्धा तास उन्हात तापलेल्या कौलांवर बसून नळ फिरवत होते आणि आम्ही "ना, ना" म्हणत होतो. हळूहळू काकांच्या "आयलें?" ला धार चढू लागली. शेवटच्या वेळी तो प्रश्न असा आला, की त्याला "ना" म्हणण्याची आमची छाती झाली नाही. पडद्यावर दोन शक्तिमान दिसत होते, एक ठळक आणि एक त्याची सावली. आम्ही ओरडलो, "आयलें!" काकांनी नट आवळला आणि ते खाली उतरले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता ते आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी पहिला पाऊस पडला. सरी थांबताच संध्याकाळी काका पुन्हा वर चढले. ओल्या कौलावरून त्यांचा पाय सरकला, कौल फुटले आणि गुडघ्यापर्यंत पाय आत गेला. घोटा सुजून मडक्याएवढा झाला. पेरणीच्या ऐन दिवसांत काका तीन आठवडे ओसरीवर बसून होते आणि त्यांच्या वाट्याचे काम घरातील बायकांनी केले. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन रडत रडत सर्व कबूल केले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, "तुका दिसता तें सांग, म्हाका जाय तें सांगूं नाका." तुला जे दिसते ते सांग, मला जे हवे आहे ते सांगू नकोस.

या वाक्याचे मोल पुढे एका मोठ्या संशोधनाची हकीकत वाचताना कळले. इ. स. १९६४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोन शास्त्रज्ञ एका प्रचंड कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करीत होते. त्यांना एक बारीक खरखर सतत ऐकू येई. अँटेना कोणत्याही दिशेला फिरवा, दिवस असो वा रात्र, ती तेवढीच. त्यांनी क्रमाने सर्व तपासले. कर्ण्यात कबुतरांनी घरटे केले होते. ती कबुतरे हलवली, त्यांची घाण स्वतः धुऊन काढली, जोड तपासले. तरी खरखर राहिली. "एवढी खरखर चालायचीच," असे लिहून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी जे ऐकू येत होते तेच लिहिले. विश्वाच्या बाल्यावस्थेतील उष्णतेचा तो उरलेला अंश होता, असे पुढे सिद्ध झाले आणि १९७८ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आमच्या घरच्या पडद्यावरील मुंग्यांतही त्या आदिम उष्णतेचा अल्पसा अंश होताच. तो आम्हीही पाहिला होता. ओळखला मात्र त्यांनी, कारण ते नको असलेले उत्तर झाकून ठेवण्यास तयार झाले नाहीत.

आता वर्गाकडे वळू. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला आम्ही गोव्याचा इतिहास शिकवत होतो. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकून घेतली, बार्देश व साष्टी पुढे १५४३ मध्ये त्यांच्या हाती गेली, आणि डिचोली, सत्तरी, पेडणे हे प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेडणे तर १७८८ साली, त्यांच्या ताब्यात आले, असा तो भाग. शिकवून झाल्यावर आम्ही विचारले, "समजले ना सर्वांना?" वर्ग एका सुरात म्हणाला, "होय, सर!" समाधानाने आम्ही पुढच्या धड्याकडे गेलो. चाचणीच्या उत्तरपत्रिका आल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले होते, की पेडण्यावर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले. ज्या गावात ही मुले राहतात, त्या गावाचा इतिहास त्यांनी जवळजवळ तीनशे वर्षांनी ताणला होता. १७८८ ते १९६१ म्हणजे १७३ वर्षे, ही साधी वजाबाकीही कोणी केली नव्हती. त्यांच्या मनात दोन चित्रे एकमेकांवर पडली होती, एक ठळक आणि एक त्याची सावली. आणि आम्ही नट आवळून खाली उतरलो होतो.

आम्हांला प्रथम मुलांचा राग आला. नाचता येईना अंगण वाकडे, अशी आमची स्थिती झाली. मग काकांची आठवण झाली. "समजले ना?" हा प्रश्न आम्ही कोणत्या स्वरात विचारला होता? घड्याळाकडे पाहत, पुस्तक मिटत, "नाही" म्हणणाऱ्याकडे भुवया चढवून पाहण्याच्या तयारीने. त्या प्रश्नातच त्याचे उत्तर भरलेले होते. मुलांनी आम्हांला जे हवे होते ते दिले, जसे आम्ही काकांना दिले होते. खोट्या "होय"चे पाप केवळ उत्तर देणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजातही त्याचा वाटा असतो.

म्हणून आमचे मत असे आहे, की शाळेत आणि घरी हा प्रश्नच बदलावा. काकांनी "आयलें?" असे न विचारता "पडद्यावर माणसे किती दिसतात? मुंग्या आहेत की नाहीत?" असे विचारले असते, तर नऊ वर्षांच्या मुलालाही खोटे बोलणे कठीण गेले असते. शिक्षकाने "समजले ना?" याऐवजी "पेडणे कोणत्या साली गेले, आणि तेव्हा बार्देशाला जाऊन किती वर्षे झाली होती?" असे विचारावे. आईबापांनी "अभ्यास झाला का?" याऐवजी "आज काय वाचलेस, सांग पाहू" असे म्हणावे. आमच्या मुलांची घरची बोली कोकणी आहे; मराठी पुस्तकातील वाक्य अडले, तर त्याचा अर्थ त्यांना आधी कोकणीत सांगू द्यावा. चित्र आले की नाही, हे त्यातून लगेच दिसते. आम्ही स्वतः गेली काही वर्षे असे करीत आहोत. "समजले ना?" हा शब्द अजूनही सवयीने तोंडातून निघतो, तेव्हा एखादी धीट मुलगी हळूच म्हणते, "सर, काय दिसते ते विचारा."

यावर आमचे काही सहकारी एक आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाही. प्रत्येक "नाही"पाशी थांबत बसलो, तर वर्षअखेर अभ्यासक्रम पुरा होणार नाही, असे ते म्हणतात. चाळीस मुलांच्या वर्गात वेळ तोकडा पडतो, हे आम्हीही रोज अनुभवतो. परंतु धडा पुढे सरकला म्हणजे तो मुलाच्या मनापर्यंत पोहोचला, असे होत नाही. सुक्या कौलांवर आणखी दहा मिनिटे बसण्याचा कंटाळा केला, तर दुसऱ्या दिवशी ओल्या कौलांवर चढावे लागते. आठवीत टाळलेले "नाही" दहावीच्या परीक्षेत आपली किंमत वसूल करते, आणि ती किंमत मुलाला एकट्याला भरावी लागते.

विद्यार्थिमित्रांनो, अँटेनाचे दिवस गेले. आता तुमच्या भिंतीवरची फ्री डिश आग्नेयेकडे, ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे तोंड करून असते आणि आषाढातील मुसळधार पावसात तीही मधूनमधून आंधळी होते. २०२० साली शाळा बंद पडून वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी घराबाहेर पडून चढणीवर, झाडाखाली, जेथे रेंज मिळेल तेथे बसून धडे ऐकले. आवाज तुटत असताना "ऐकू येते का?" असा आमचा प्रश्न आला, की "होय सर" हेच उत्तर येई, आणि आम्ही पुढे बोलत राहू. किती धडे त्या दिवसांत वाऱ्यावर गेले असतील, याचा विचार केला की मन खिन्न होते. साधने बदलली, छपरावरचा माणूस आणि पडद्यासमोरचा माणूस यांच्यातील तो एक शब्द मात्र तोच राहिला आहे.

एक व्यवहाराची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. तुमच्या घरावर जुना अँटेना गंजत उभा असेल, तर तो उतरवण्यासाठी तुम्ही स्वतः मुळीच वर चढू नका. लोखंडी नळ विजेच्या तारेला लागला तर प्राणावर बेतते, आणि ओले कौल कोणाचीही गय करीत नाही. ते काम वडीलधाऱ्यांनी जाणत्या माणसाकडून, कोरड्या दिवशी, विजेच्या तारा कोठे आहेत हे पाहून करून घ्यावे.

तुमच्याकडे आमची मागणी एवढीच आहे. वर्गात चित्र स्वच्छ दिसले तर निःशंक "होय" म्हणा. मुंग्या दिसत असतील तर मुंग्या म्हणा, दोन माणसे दिसत असतील तर दोन म्हणा. फळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी थोडा उतरेल. त्याला भिऊ नका. तुमच्या खऱ्या "नाही"वाचून त्याला नळ कोणीकडे फिरवावा, हे कधीच कळणार नाही. आमच्या काकांचा घोटा आजही पावसाळा आला की दुखतो. ते ओसरीवर बसून तो चोळत असतात आणि आम्हांला पाहिले, की हसून विचारतात, "आयलें?" आणि आम्ही काय दिसते ते खरे सांगतो.